दंड चाचपणारे

हुमनाबादच्या बसस्टँडवर, भालकीतल्या लग्नाच्या पंगतीत, आळंदच्या उरुसात, कुठंही गाठ पडो, हा गृहस्थ आधी समोरच्याचा दंड चाचपतो आणि मग खुशाली विचारतो. बाजारात दोडका दाबून बघावा तसा. निकाल जागच्या जागी: ‘मामा, काहीच नाही की हो राहिलं!’ पाठोपाठ बैठकांचा आकडा, अंड्यांचा आकडा, पावडरच्या डब्याची किंमत. सुतकाच्या घरीही सुटका नाही. सांत्वनासाठी खांद्यावर ठेवलेला हात हळूहळू खाली सरकतोच.

त्याचा राग येतो. पंचाईत एवढीच की मूळ मुद्द्यात तो बरोबर आहे. सकाळी बिदरच्या किल्ल्यात फेऱ्या मारल्या की झालं, असं मानणाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशी बघाव्यात: चालणं हवंच, शिवाय आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायामही हवा. वयाची सबब १९९०मध्येच बाद झाली. बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या ९ जणांनी ८ आठवडे पायांनी वजनं उचलली आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. ‘आमचे आजे कुठं जिमला गेले होते?’ ही ओट्यावरची लाडकी हरकत. नव्हते गेले, ते पोती पाठीवर घेत, विहिरीचं पाणी शेंदत. नातवाच्या वाट्याला मोटरचं बटण आलंय. आणि कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. अडतीवरच्या हमालाला विसावा मिळतो तो मालकाच्या मर्जीनं. व्यायामात ओझं बेतानं वाढतं आणि मधले दिवस अंग सावरायला मिळतात. पावडरीच्या बाबतीत मात्र तो साफ चुकतो. भारतीय शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम. १०० ग्रॅम तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम असतात, वर ज्वारीची भाकरी आहेच. ज्या कलबुर्गीच्या तुरीला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच मुलखात हा डबा खपवतो.

तरी भरलेली गॅसची टाकी तिसऱ्या मजल्यावर न्यायची असो की आजाऱ्याला जिन्यावरून खाली आणायचं असो, पहिली हाक त्यालाच जाते, आणि तो हातातला घास ठेवून येतो, हेही मान्य करायला हवं. तरणी पोरं पुण्याला, हैदराबादला गेली. त्याच्या हाती लागणारे दंड आता बहुतेक साठीपुढचे. त्यांच्यासाठी तो घसा कोरडा करतो. बायकांचे दंड रीतीमुळे चाचपता येत नाहीत, म्हणून त्याचा सल्लाही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पाळी थांबल्यावर हाडं झपाट्यानं झिजतात ती त्यांचीच. ‘गुडघं दुखायलेत’ म्हणत त्याची आई भिंतीला धरून उठते, आणि पलीकडे ओट्यावर तो तहसीलच्या निवृत्त कारकुनाला बैठका शिकवत असतो.