गोठ्याला लस, घराला काढा

पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प-फऱ्याची लस आली की कोरेगाव तालुक्यात कुणाची मनधरणी करावी लागत नाही. मालक जनावर धरून दावणीपाशी तयार. 2022 मध्ये लम्पी आला तेव्हा तर गाईंना चक्क शेळ्यांच्या देवीची लस टोचली. ‘डॉक्टर, शेळीची लस गाईला कशी?’ असं विचारायला फारसं कुणी थांबलं नाही. दुभती गाय दारात उभी असताना शंका कसल्या काढता?

त्याच मालकाला फ्लूच्या लशीचं विचारा. ‘आपल्याला काय हुतंय? आपलं अंगच काटक. आल्याचा काढा घेतला की झालं.’ आल्याला नावं ठेवायची साताऱ्यात कुणाची छाती आहे? काढ्यानं घसा शेकतो, बरंही वाटतं. विषाणूला मात्र त्याचा पत्ताच नसतो.

आणि काटकपणाचं म्हणाल, तर 1918. मुंबईत जूनमध्ये शिरलेल्या फ्लूच्या तापानं पावसाळा सरता सरता खेडीच्या खेडी झोपवली. देशात कोटीच्या वर माणसं गेली, त्यात विशी ते चाळिशीतले धडधाकट गडी आणि बायका फार. भाकरी तेव्हाही ज्वारीचीच होती, दूधही पिशवीतलं नव्हतं.

तो विषाणू नवा होता, हे खरं. आणि लसही काही चिलखत नव्हे. चांगल्या वर्षी ती आजाराचा धोका साधारण निम्म्यावर आणते. साध्या सर्दीशी तिचं देणंघेणं नाही, विषाणू रूप पालटतो म्हणून दरवर्षी घ्यायची, वर खासगीत दीड-दोन हजारांची फोडणी. पंचविशीतल्या ठणठणीत गड्यानं नाही घेतली तर मी भांडायला जाणार नाही. पण सत्तरीतले शुगरवाले आबा आणि सातव्या महिन्यातली सून यांचा हिशेब निराळा. स्वाईन फ्लूच्या 2015 च्या साथीत सरकारनं गरोदर बायका आणि मधुमेह-रक्तदाबवाल्यांना फुकट लस द्यायला घेतली, ती उगाच नव्हे. आपल्याकडे फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात. म्हणजे टोचून घ्यायचा मुहूर्तही घटसर्पाचाच.

गाईच्या कानात बारा आकडी बिल्ला असतो. कोणती लस कधी टोचली, ते डॉक्टरच्या मोबाईलवर दिसतं. आबांना विचारलं, शेवटची लस कधी घेतलीत? म्हणाले, ‘करोनाची. ती बी पोरानं धरून नेलं म्हणून.’