उंदराच्या पाठीवर माणसाची हिरडी: नवशिक्यांसाठी

हापूसचं कोय कलम ज्याला जमतं त्याला हेही जमेल, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. आंब्याचा खुंट सालस. परक्या झाडाची काडी बांधली तरी काही दिवसांत तिला आपली म्हणतो. उंदीर तसा नाही. त्याला माणसाच्या तोंडातलं अस्तर चिकटवलंत, तर त्याच्या टी-पेशी, म्हणजे परक्याला ओळखून हुसकावणाऱ्या पेशी, त्या पाहुण्याला फार दिवस टिकू देणार नाहीत. तेव्हा पहिली पायरी: उंदीर भोळा निवडा.

भोळ्या उंदरांचं घराणं जुनं आहे. 1962 साली ग्लासगोच्या रुचिल हॉस्पिटलमध्ये ग्रिस्ट यांना अंगावर केस नसलेले उंदीर आढळले. 1968 मध्ये पँटेलुरिस यांनी दाखवलं की त्यांना नुसते केसच नव्हे, थायमस ग्रंथीही नाही. म्हणजे टी-पेशी जिथे शिकून तयार होतात ती शाळाच नाही. पुढे 1983 मध्ये फिलाडेल्फियात मेल्विन बोस्मा आणि सहकाऱ्यांनी याहूनही साधा प्राणी जगापुढे आणला, तो 'स्किड' उंदीर. कामाच्या टी-पेशी नाहीत, प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशीही नाहीत. दिसायला मात्र पांढरा, केसाळ, चारचौघांसारखा. वय वाढलं की यांतल्या काहींना थोडी अक्कल फुटते आणि रक्तात प्रतिपिंडं दिसू लागतात. प्रयोगशाळेत अशा उंदराला 'गळका' म्हणतात. म्हणून तरुण घ्या.

दुसरी पायरी बडदास्तीची, कारण या भोळ्याला साधा जंतूही झेपत नाही. खाणं वाफेवर निर्जंतुक केलेलं, पाणी तसंच, पिंजऱ्यातला भुसाही तसाच, हवा गाळलेली. तुम्ही डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, अंगात गाऊन घालून त्याच्यापुढे हजर व्हायचं. घरी माळ्यावर पिंजऱ्यात भज्याचा तुकडा लावणाऱ्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

मग माणसाचंच अस्तर कशाला, उंदराला तोंड नाही का? आहे, पण त्याच्या गालाला आतूनही केराटिनचा टणक थर असतो. आपला गाल आतून मऊ आणि ओला. वाटाण्याच्या अभ्यासासाठी हरभरा का वापरत नाहीत, तसंच हे. अस्तर मिळवायचं दातांच्या डॉक्टरांकडून: अक्कलदाढ काढताना गालालगतच्या मऊ हिरडीचा जो तुकडा एरवी कचऱ्यात जातो, तोच. रुग्णाची लेखी संमती हवी, नीतिसमितीची मंजुरी हवी, आणि उंदराच्या वतीने वेगळ्या समितीची. कागद पूर्ण होईपर्यंत तुमच्या उंदराचं तारुण्य ओसरू शकतं. पिंजरा भरण्याआधी अर्ज भरा.

शस्त्रक्रिया थोडक्यात सांगतो, कारण ती खरंच थोडक्यात असते. भूल द्या, पाठीवरची कातडी किंचित उघडा, तुकडा आत सरकवा, शिवा. काही दिवसांत उंदराच्या रक्तवाहिन्या तुकड्यापर्यंत पोचतात.

खरी मौज यानंतर. त्या तुकड्यात माणसाच्या रोगप्रतिकारक पेशी आधीपासूनच तळ ठोकून असतात. त्यांतल्या लँगरहान्स पेशी सर्वांत देखण्या, फांद्यांचे हात पसरून बसलेल्या. पॉल लँगरहान्स यांनी 1868 मध्ये, विद्यार्थी असताना, कातडीत त्या पाहिल्या आणि मज्जातंतूंच्या पेशी समजल्या. प्रत्यक्षात त्या नाक्यावरच्या चौकीदार. परकं काही सापडलं की ते उचलून लसिकाग्रंथीत न्यायचं आणि टी-पेशींना दाखवायचं, ही त्यांची नोकरी. आता पंचाईत बघा. चौकी उंदराच्या पाठीवर, आणि मुख्यालय माणसाच्या शरीरात राहिलं. माणसाच्या अस्थिमज्जेतून कुमक येण्याचा रस्ताच तुटला. गडाला वेढा पडलाय, जी शिबंदी आत आहे तेवढीच. म्हणूनच हा खटाटोप: कोणती पेशी अस्तरात मुक्कामी राहणारी आणि कोणती रक्तातून येऊन-जाऊन असणारी, हे रसद तोडल्याशिवाय नीट कळत नाही. माझ्या मते प्रयोगाचं सगळं मोल इथे आहे, बाकी सुतारकाम.

कुमक माणसाकडून येत नसली तरी उंदराकडून येते, हे विसरू नका. त्याला टी आणि बी पेशी नसल्या तरी परकं गिळणाऱ्या पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, आहेत, आणि ते चौकशीला आत शिरतात. फक्त माणसाच्या पेशींना चिकटणारी प्रतिपिंडं वापरून तुकड्याचे काप रंगवा. नाहीतर दोन दिवस डोळे फोडून मोजलेल्या पेशी उंदराच्या निघतील आणि गाईडसमोर उभं राहायची वेळ येईल.

उत्साही मंडळी उंदरात माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही टोचतात. तुम्ही इतक्यात टोचू नका. त्यांतल्या टी-पेशी आयत्या बिळात नागोबा होतात: उंदराचं सगळं शरीरच परकं ठरवतात आणि यजमानावर उलटतात. उंदीर वाळतो, पाठीला पोक येतं, प्रयोग तिथेच संपतो.

आणि तुम्ही यातलं काहीच करणार नसाल, तरी कधीतरी अक्कलदाढ काढायला जालच. त्या खुर्चीत बसवून कोणी संमतीपत्र पुढे केलं, तर सहीआधी वाचा. 'संशोधनासाठी' या शब्दापुढे काय लिहिलंय, ते विचारा.