रुळावरची छाप

भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये नवं दुकान उघडायचं असलं की सगळ्यात आधी काय येतं? माल? कारागीर? छे! लोगो येतो.

आत फळ्या ठोकणं चालू असतं, वायरी लोंबत असतात. बाहेर मात्र फ्लेक्स झळकतो. त्यावर एक गोल, गोलात एक पान. केकवाल्याचं पान, चष्मेवाल्याचं पान, शिकवणीवाल्याचंही पान.

पान कशाचं, ते एकालाही सांगता येत नाही.

परवा इथेच ओळखीचा एक तरुण भेटला. घरगुती डब्यांचा धंदा सुरू करतोय. मोबाइल पुढे धरला. "काका, तीनपैकी कुठला फायनल करू?" मी विचारलं, डब्यात काय देणार? म्हणाला, "ते आई ठरवेल."

दोन महिने केशरी की हिरवा यात गेले होते. आईला अजून कोणी विचारलंच नव्हतं.

लोगोला माझा विरोध नाही. उलट त्याची इतकी हेळसांड होते म्हणून जीव तुटतो. दहा मिनिटांत मोफत अ‍ॅपवर उचललेलं चित्र म्हणजे ओळख? तोच साचा आणखी हजार जणांनी उचललेला असतो. उद्या शेजारच्या गल्लीत तेच पान उगवलं, तर कोणत्या तोंडाने भांडणार?

भिलाईत राहून हा प्रश्न पडावा, याचंच नवल वाटतं. कारण छाप कशी उमटते, ते या गावाइतकं कोणाला कळणार?

इथल्या पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी केलं ४ फेब्रुवारी १९५९ रोजी. ज्या 'सेल'चं (स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाचं) चिन्ह आज कारखान्याच्या दारावर आहे, ती कंपनीच स्थापन झाली जानेवारी १९७३ मध्ये. मधली चौदा वर्षं भिलाईचं नाव कशावर चाललं?

पोलादावर.

कधी इथे घडलेल्या रुळाजवळ वाकून पाहिलंय? डोक्याचा भाग चाकांनी घासून चकचकीत झालेला असतो. खालच्या उभ्या भागावर उठावाची अक्षरं असतात. कारखान्याची खूण, वजनाचा प्रकार, पोलादाची प्रत, महिना, वर्ष. ठरावीक अंतरावर पुन्हा तीच. बोट फिरवलं तर कळतात, गंज चढला तरी वाचता येतात.

ती रंगवलेली नसतात, चिकटवलेली तर नाहीतच. शेवटच्या रोलवर ती उलटी कोरलेली असतात. तापून लाल झालेलं पोलाद त्या रोलखालून दाबलं जातं आणि अक्षरं सुलटी उमटून बाहेर येतात. माल आणि छाप एकाच दाबातून जन्मतात.

याला म्हणतात ब्रँडिंग.

आणि ती खूण मिरवायला नसते. शेजारी हीट नंबरही, म्हणजे पोलादाच्या त्या घाण्याचा क्रमांक, ठोकलेला असतो. उद्या कुठे तडा गेला, तर हे पोलाद कोणत्या कारखान्याचं, कधीचं, कोणत्या हीटचं, हे शोधता आलं पाहिजे. त्या रुळावरून भरलेली गाडी जाते. छाप म्हणजे दोष निघाला तर कोणाचं दार ठोठावायचं, त्याचा पत्ता.

किती दुकानदार हा पत्ता द्यायला तयार आहेत?

आपल्याकडे 'लोगो' हा शब्द येण्याआधी 'छाप' होतीच. अमकी छाप विडी, तमकी छाप काडेपेटी. वाचता न येणारं गिऱ्हाईक चित्र ओळखून माल मागायचं. चित्र बदललं तर माल बदलला, असं समजायचं. त्या माणसाला फसवणं सोपं होतं, म्हणूनच छाप जपणाऱ्याला मान होता.

मराठी घरातलं उदाहरण हवं? कंपासपेटी आठवा. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईचा धंदा सुरू केला, तेव्हा छाप होती घोडा. उंट नंतर आला. घोड्यावरून उंटावर गेले, पण शाई पातळ केली नाही. उंट टिकला. पुढे २०११ मध्ये जपानच्या कोकुयोने कंपनी ताब्यात घेतली, तरी 'कॅमलिन' हे नाव पुसलं नाही.

का पुसतील? पैसे त्याचेच तर मोजले होते.

१९७१ हे वर्षही लक्षात ठेवण्यासारखं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतून शिकलेल्या शेखर कामत यांनी स्टेट बँकेला निळं वर्तुळ दिलं, खाली एक फट. कुलपाच्या भोकासारखं. त्याच वर्षी अमेरिकेत कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने नाइकीसाठी एक फटकारा ओढला. मोबदला, ३५ डॉलर. दोन्ही इतकी साधी, की पहिलीतलं पोर पाटीवर काढेल.

तुमचं पान काढून दाखवेल का ते पोर?

मोठे लोकही इथे घसरतात. अमेरिकेतल्या ट्रॉपिकाना रसाने २००९ मध्ये खोक्यावरचं ओळखीचं संत्रं काढलं. आतला रस तोच होता. लोकांना खोकं सापडेना, खप पडला. काही आठवड्यांत संत्रं परत आणावं लागलं. लोकांच्या डोळ्यांत बसलेली खूण ही नुसती मालकाची राहत नाही.

जुन्या छापखान्यात एक साधी कसोटी होती: लोगो रबरी शिक्क्यात उतरतो का? एकाच रंगात, नाण्याएवढ्या जागेत, बिलबुकाच्या कोपऱ्यात ओळखू आला तर तो लोगो. त्या तरुणाचे तिन्ही नमुने मी असे बघितले. पहिल्यातली वाफ गेली, दुसऱ्यातला चमचा गेला, तिसऱ्यात नुसता डाग उरला.

छापणाऱ्याने त्याच्याकडे मूळ चित्राची सीडीआर फाइल मागितली होती. त्याच्याकडे होता मोबाइलचा स्क्रीनशॉट.

आणि ट्रेडमार्कची नोंदणी? एकट्या व्यक्तीला एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाला ४,५०० रुपये लागतात. मंजूर झाली की अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षांचं संरक्षण, पुढे नूतनीकरण. उद्घाटनाच्या फुगे-फुलांवर याहून जास्त उडतात. तरी नोंदणीचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं: "आधी धंदा चालू तर दे!"

मग लोगोच्या वेळी हे का नाही सुचत?

त्या तरुणाने नमुन्याचे चार डबे आणले होते. स्टीलचे, झाकणावर गोल स्टिकर. एक त्याच्या आईने तीनदा घासला होता. स्टिकरची कड उचकटली होती, खाली चिकट काळी रेघ.

शेजारी घरचा जुना डबा होता, त्याच्या आजीचा. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं तिचं नाव आणि लग्नाची तारीख. हजारदा राखेने घासून कडा झिजल्या होत्या. नाव स्वच्छ वाचता येत होतं.

तो बराच वेळ त्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, "काका, भांड्यावर नाव घालणारा पॉवर हाऊसच्या बाजारात अजून बसतो का हो?"