मुक्काम रत्नागिरी : खाद्यसंचारविषयक सूचना

दाभोळपासून जैतापूरपर्यंत किनाऱ्याच्या रस्त्याने मोटार हाकीत जावे, दाभोळ-धोपावे व तवसाळ-जयगड या दोन्ही खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्यात, आणि दोन दिवसांच्या रजेत रत्नागिरी जिल्ह्याचे समग्र खाद्यपेय चाखून परतावे, असा संकल्प सोडणाऱ्या गृहस्थाने प्रथम हे ध्यानी घ्यावे की, या मुलखात खाणाऱ्याच्या इच्छेची दफ्तरी नोंद होत नाही. येथील अंमल ऋतूचा, त्याखालोखाल भरतीओहोटीचा, आणि या दोहोंनी मोकळीक दिलीच तर स्वयंपाकघरातील गृहिणीचा. सबब, निघण्यापूर्वी नकाशाच्या आधी पंचांग उघडावे.

1 जून ते 31 जुलै या मुदतीत यांत्रिक नौकांनी मासेमारी करण्यास सरकारची मनाई असल्याने मिरकरवाडा बंदरातील होड्या नांगरून पडलेल्या असतात. त्या दिवसांत कोणी ताज्या सुरमईचा आग्रह धरला आणि ती पानात आलीच, तर तिने आपल्यापेक्षा लांबचा प्रवास केला आहे असे खुशाल समजावे, व सुक्या बांगड्याच्या किसमुरीकडे आदरपूर्वक वळावे. खेकडे अमावास्येच्या सुमारास भरलेले असतात अशी जाणत्यांची जबानी आहे. चतुर्थीस गणपतीपुळ्यास पोहोचणाऱ्याने मात्र यांपैकी कशाचेही नाव काढू नये.

तेथे ‘घरगुती जेवण मिळेल’ अशी पाटी दिसते. ही पाटी म्हणजे करार नव्हे. तो केवळ मसुदा असून त्यावर काकूंची सही व्हावयाची असते. “काकू, उकडीचे मोदक मिळतील का?” असे विचारताच “काल सांगितलं होतंत का?” हा प्रतिप्रश्न येतो, आणि अनभिज्ञ प्रवासी येथेच हिरमुसून गाडीकडे वळतो, वास्तविक ही बोलणी फिसकटल्याची नव्हे, सुरू झाल्याची खूण आहे. त्याने पायरीवर बसावे, यंदा नारळाचा भाव काय, कलमांना मोहोर कसा आला, यांची आस्थेने चौकशी करावी, आपले मूळ गाव, आडनाव व शक्य तर आजोळ यांचा तपशील विनाविलंब सादर करावा, आणि एवढे झाल्यावर आतून “बसा, बघू काय ते” असे शब्द ऐकू आले म्हणजे सनद मिळाली असे मानून हातपाय धुण्यास जावे. पानावर जे येईल, मग ती कुळथाची पिठी असो, फणसाच्या कुयरीची भाजी असो वा ओल्या काजूंची उसळ असो, ते मागितले नव्हते असे म्हणू नये. आगळ व नारळाचे दूध यांपासून केलेली सोलकढी जेवणाच्या अखेरीस भातावर घेण्यासाठी असते. तिचा गुलाबी रंग फारच भडक दिसल्यास आगळाखेरीज आणखी कोणी साक्षीदार पातेल्यात उतरला असावा असा संशय मनात घ्यावा, पण मनातच ठेवावा.

आंब्याविषयी सल्ला देणे जोखमीचे आहे. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा रत्नागिरीबरोबर सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर यांचीही नावे एकाच पंक्तीत बसविण्यात आली. ही समता रत्नागिरीच्या बागायतदाराने अंतःकरणपूर्वक स्वीकारल्याचे अद्याप ऐकिवात नाही. म्हणून राजापूरच्या उत्तरेस देवगडचा उच्चार टाळावा. पेटी घेताना वरचा थर पाहून मोहित न होता खालच्या थरात हात घालावा, व विक्रेत्याने तो हात प्रेमाने धरल्यास पेटी तेथेच सोडून द्यावी. आंब्याने सर्व दुःखांचा परिहार होतो अशी ज्यांची श्रद्धा असेल त्यांनी थिबा राजवाडा पाहावा : 1885 साली राज्य गमावलेला ब्रह्मदेशाचा राजा 1916 मध्ये याच गावी वारला, आणि इतके हंगाम हापूसच्या सान्निध्यात काढूनही भत्त्यासंबंधी सरकारकडे अर्ज करीतच राहिला.

पेयांत माडीचे प्रकरण सर्वांत नाजूक. भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय असलेल्या या विद्येत माडाच्या पोयीला छेद देऊन मडके बांधतात. आतून चुना लावलेल्या मडक्यातला, उजाडण्यापूर्वी उतरविलेला गोड रस म्हणजे नीरा, सत्शील व निरुपद्रवी. तोच रस चुन्यावाचून राहिला की ऊन चढेतो आंबून माडी होतो, आणि त्याच्याकडे आबकारी खात्याची दृष्टी वळते. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्यापासून 1949 च्या दारूबंदी कायद्यापर्यंत सरकारने या विषयावर जो कागद खर्ची घातला त्याच्या मुळाशी झाड एक आणि रसही एकच; पुण्याचे पाप होण्यास केवळ काही प्रहर पुरतात. तेव्हा परवाना पाहून मगच पेला उचलावा, आणि ज्याच्या हाती मोटारीचे चक्र आहे त्याने नीरेपलीकडे जाऊ नये. पहाटे उठण्याचे सामर्थ्य नसल्यास रातांब्याच्या साली साखरेत मुरवून केलेले कोकम सरबत प्यावे, ज्यास कोणत्याही प्रहरी हरकत नाही.

राहता राहिला फणस. कापा असल्यास तो सोबत न्यावा. बरका मात्र सांदणाच्या रूपाने जागीच खाऊन संपवावा. चिकापासून खोबरेल तेल हातांचे रक्षण करते, परंतु पिकल्या बरक्याच्या गंधावर उतारा नाही. काचा बंद करून आंबा घाट चढेतो तो गाद्यांत, पट्ट्यांत व चालकाच्या सदऱ्यात असा मुरतो की, पुढेमागे गाडी विकावयास काढल्यास सामान्य गिऱ्हाईक नाक मुरडून किंमत पाडते. गिऱ्हाईक रत्नागिरीचे निघाले तर मात्र ते इंजिनाची चौकशी बाजूस ठेवून फणस कोणाच्या बागेतला होता ते आधी विचारते.