स्टॉल न होणारं विमान

करंजाडेत राहणाऱ्यांना विमानाचं अप्रूप वाटायला फारसा अवधी मिळाला नाही. आधी कित्येक वर्षं उलव्याच्या डोंगरातले सुरुंग ऐकले, नदीचं पात्र वळवलेलं पाहिलं आणि 25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं खरोखरच उडू लागली. तोवर आमच्या भाच्याने संगणकावर या विमानतळाचा कारभार केव्हाच सुरू केला होता. खालून माना वर करून बघणाऱ्यांची त्याला कीव येते.

सध्या त्याची लाडकी म्हणजे फ्लाइट सिम्युलेटरसाठी ॲड-ऑन म्हणून विकत घेतलेली सेसना 172. रूप देखणं. सीटची शिवण, काचेवरचे ओरखडे, डायलवरची धूळसुद्धा जागच्या जागी. उडण्याचं तेवढं राहून गेलंय. खरी 172 पूर्ण वजन घेऊन समुद्रसपाटीवरून निघाली, तर मिनिटाला सातशे-साडेसातशे फूट चढते. म्हणजे प्रबळगडाची उंची गाठायला तीन मिनिटं तरी हवीत. भाच्याची सेसना मिनिटभरात गडाच्या वर! मे महिन्यात पनवेलची हवा तापून विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो, इंजिनाचा दम घटतो. हिला मात्र बारा महिने हिवाळा.

"आणि मामा, हिला स्टॉलच होत नाही!" हे तो गुण म्हणून सांगतो. पंख आणि समोरचा वारा यांच्यातला कोन साधारण 15 अंशांपलीकडे गेला, की हवा पंखाच्या पाठीवरून सुटते आणि उचल ढासळते; हाच स्टॉल. ही बया नाक आभाळाकडे करून निवांत लटकते, जत्रेतल्या गॅसच्या फुग्यासारखी.

रूप फोटो बघून उतरवता येतं. उडणं मात्र उचल, अवरोध, वजन, इंजिनाची ताकद या आकड्यांत लपलेलं असतं. एक्स-प्लेनसारखा सिम्युलेटर पंखाचे बारीक तुकडे कल्पून प्रत्येकावरचा जोर मोजतो. पण इंजिनाची ताकदच फुगवून लिहिली असेल, तर तो बिचारा काय करणार? गंमत म्हणजे या चुका बहुधा गिऱ्हाइकाच्या बाजूनेच झुकतात.

आकडे न विचारता भुलणं आपल्याला नवीन नाही म्हणा. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये चौपाटीवर विमान उडवल्याची कथा आपण अभिमानाने सांगतो. त्यात विमानाचं वजन किती, हे कुणी विचारत नाही. सुब्बराय शास्त्री यांनी सांगितलेल्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातली विमानं मात्र बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी 1974 मध्ये खरोखरच तपासली. निष्कर्ष असा, की त्यातलं एकही उडण्याजोगं नाही. माझ्या मते देशातलं ॲड-ऑनचं पहिलं परीक्षण हेच.

हे सगळं ऐकून भाचा इरेला पेटला. त्याने सेसनाची फाइल उघडली, इंजिनाची ताकद छाटली, वजन वाढवलं आणि पुन्हा निघाला. नवी मुंबईची धावपट्टी 3700 मीटरची, जंबो जेटलाही पुरणारी. सेसनाने ती अख्खी संपवली, कुंपण ओलांडलं आणि चाकांवरच उलव्याच्या दिशेने चालू लागली.

"बघ मामा," तो म्हणाला, "आता एकदम रिअलिस्टिक."