दात बघून गाडी घेणारे आप्पा

सारंगखेड्याला घोडा घ्यायला आलेला जाणकार घोड्याचा डौल सगळ्यात शेवटी बघतो. आधी जबडा उघडून दात, मग खूर, मग अंगावरचे भोवरे. बैलाचंही तेच. दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे दात आले की बैल ‘जुळला’; त्यापुढे वय कळायचं ते मालकाच्या चेहऱ्यावरून. ट्रॅक्टर आले आणि खानदेशातली ही विद्या बुडाली असं ज्यांना वाटतं, त्यांनी जळगावला किंवा धुळ्याला एखाद्या आप्पांना जुनी गाडी बघताना बघावं. आप्पा म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत. एरंडोलला त्यांना नाना म्हणतात, शिरपूरला आबा, सावद्याला भाऊ. वय पन्नाशीच्या पुढे, डोक्यावर असली तर टोपी, खिशात टॉर्च आणि मनात एकच निश्चय: गाडी घ्यायची ती वापरलेली घ्यायची, आणि एकदाच घ्यायची. गाव त्यांना चिकट म्हणतं. माझं म्हणणं असं, की गाडी निवडायची त्यांची रीत बाजारातली सगळ्यात शहाणी रीत आहे आणि तिचा पैशांशी संबंध फार थोडा आहे. ती बघताना हसू येतं, हे मात्र कबूल.

आप्पा गाडी बघायला जातात ते भल्या सकाळी आणि न कळवता. कळवलं की विकणारा अर्धा तास आधी इंजिन चालू करून ठेवतो, आणि तापलेलं इंजिन हळद लागलेल्या नवरदेवासारखं असतं, त्याच्यात खोट दिसत नाही. म्हणून पहिला हात बॉनेटवर. गार असेल तरच पुढची बोली. मग चावी. पहिल्या सेल्फला उचलली तर चेहरा कोरा ठेवायचा, तिसऱ्याला उचलली तर उसासा टाकायचा. तो उसासा भावात धरला जातो. धुराचा त्यांचा स्वतंत्र अभ्यास आहे. काळा धूर म्हणजे एअर फिल्टर नाहीतर पंप-नोझल, म्हणजे किरकोळ. निळा म्हणजे ऑइल जळतंय, इंजिन उघडावं लागणार. पांढरा थांबतच नसेल तर पाणी आत शिरतंय, हेड गॅसकेट गेलं. ऑइलचं झाकण काढून त्यावर तळहात धरायचा आणि इंजिन आतून किती श्वास टाकतं ते बघायचं. खिशातून लोहचुंबक काढून दारांवर फिरवायचं: जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मीटरवरचा आकडा मात्र आप्पा वाचतसुद्धा नाहीत. घोड्याचे दात कोरून त्याला तरुण करणाऱ्या दलालांना निदान घाम गाळावा लागे. मीटर मागे फिरवायला तेवढाही लागत नाही. त्याऐवजी ते वाकून क्लच-ब्रेकच्या पायडलांचं रबर बघतात. मीटर साठ हजार सांगत असेल आणि रबर गुळगुळीत झालेलं असेल, तर आप्पांच्या लेखी रबराची साक्ष ग्राह्य. विकणारा धुळ्याकडचा असला तर छातीवर हात ठेवून म्हणतो, “आप्पा, इंजिनले हात लागेल नही!” आप्पा त्याच वेळी हेडचे बोल्ट बघत असतात. बोल्टांवर पान्याचे ताजे ओरखडे असतील तर तो हात कधी लागला याचा अदमास त्यांना महिन्यापर्यंत येतो.

एवढं झालं तरी निम्मीच परीक्षा झाली. उरलेली निम्मी मालकाची, आणि तीच खरी. डॉक्टरची गाडी उत्तम: घर ते दवाखाना, सर्व्हिसिंग वेळेवर. बँकेच्या निवृत्त अधिकाऱ्याची त्याहून उत्तम, कारण तो पावत्याही जपून ठेवतो. लग्नाला आलेल्या मुलाची नको. निवडणुकीत फिरलेली तर अजिबात नको. काळी-पिवळीत धावलेली गाडी रंग बदलून समोर आली, तरी मागच्या सीटखालच्या वेल्डिंगवरून आप्पा ओळखतात की इथे एके काळी चौदा माणसं बसली होती. या चौकशीला लोक भोचकपणा म्हणतात, पण तिच्यामागे तर्क आहे. वीस वर्षं चाललेल्या गाडीत कारखान्याचं काय उरलं, यापेक्षा वापरणाऱ्याने तिचं काय केलं, हे जास्त मोजावं लागतं. ऑइल वेळेवर बदललेलं साधं इंजिन, ऑइल न बदललेल्या भारी इंजिनापेक्षा जास्त चालतं. नंबरातल्या आकड्यांची बेरीज नऊ यावी ही आप्पांची अट मात्र कुठल्याच तर्कात बसत नाही. तो घोड्याच्या भोवऱ्याचा वारसा म्हणायचा आणि पुढे जायचं.

कुठली गाडी, हा प्रश्न खानदेशात फार लवकर सुटतो. दुचाकी असेल तर हिरो होंडाची स्प्लेंडर, जी १९९४ साली आली आणि अजून गावोगाव तिच्या पार्टांवर दुकानं चालतात. चारचाकी असेल तर महिंद्राची. १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळणी करणाऱ्या या घराण्यात पुढे कमांडर, मार्शल अशी भावंडं झाली आणि २००० साली बोलेरो आली, जी आपल्या नाशिकलाच बनते. खाली चेसिस, वर वेगळी बसवलेली बॉडी, मागे पाटे. सावद्या-रावेरच्या केळीच्या बागेतला गाळ तुडवायचा, खताच्या गोण्या टाकायच्या, हिवाळ्यात भरीत पार्टीला वांगी, काड्या, पातेली आणि नऊ पाहुणे एकाच खेपेत शेतावर न्यायचे, यासाठी असल्याच गाडीला हात घालावा लागतो. पण आप्पांच्या निवडीचं मर्म ताकदीत नाही. त्यांचा प्रश्न एकच असतो: बंद पडली तर कुठे? मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, त्यामुळे पाटे बदलणारा, रेडिएटर झाळणारा, पंप सेट करणारा असा एकेक कारागीर तिथे हाकेच्या अंतरावर सापडतो. जळगावला तोच मान अजिंठा चौफुलीच्या आसपासच्या गॅरेजांना. या दोन शहरांमधल्या नव्वदेक किलोमीटरमध्ये पारोळ्याला किंवा एरंडोलला ज्या गाडीचा पार्ट उभ्याउभ्या मिळतो, ती टिकाऊ. ज्या गाडीचा पार्ट पुण्याहून मागवावा लागतो, ती कितीही मजबूत असली तरी आप्पांच्या हिशेबी नाजूक. टिकाऊपणाची ही व्याख्या कुठल्याही जाहिरातीत येत नाही, आणि माझ्या मते तीच बरोबर आहे. हवेचाही थोडा हात आहे. जळगावचा पाऊस वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, समुद्राचा खारा वारा नाही. कोकणात ज्या वयात गाडीची जमीन चाळणी होते, त्या वयात इथला पत्रा खणखणीत वाजतो. बदल्यात मे महिना रबरं, होज पाइप आणि बॅटरी खातो. पण रबर बदलता येतं, सडलेली चेसिस बदलता येत नाही.

आता आक्षेप. पहिला, चिकटपणाचा. चिकट माणूस ऑइल बदलायला पुढचा महिना बघतो. आप्पा दिवाळीला नातवाचे कपडे पुढे ढकलतील, गाडीचं ऑइल नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ‘जुनं लोखंड मजबूत’ हा भ्रम आहे. जुन्यापैकी ज्या टिकल्या त्याच आपल्याला दिसतात, बाकीच्या भंगारात वितळून गेल्या. हे खरंच आहे, आणि आजची इंजिनं सरासरीने जास्त चालतात हेही खरं. पण आप्पा सरासरी विकत घेत नाहीत, टिकलेल्यांतली एक विकत घेतात. वीस वर्षांची चाळण आधीच लागलेली असते, तीही दुसऱ्याच्या खर्चाने. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या एका शाळेतल्या आयर्व्ह गॉर्डन नावाच्या विज्ञानशिक्षकाने १९६६ साली व्होल्वो घेतली आणि एकट्याने तीस लाख मैलांहून जास्त चालवली. इंजिन उघडावं लागलं, पण गाडी बदलली नाही. आप्पांना हे सांगितलं तर ते दोनच शब्द बोलतील: “सिंगल हँड!” आणि लगेच विचारतील, आता ती विकायची आहे का.

सुरक्षिततेच्या आक्षेपाला मात्र उत्तर नाही, आणि ते देण्याचा आव आणू नये. एबीएस, एअरबॅग हे नव्या मोटारींना सक्तीचं झालं ते २०१९ पासून. आप्पांच्या गाडीत समोर फक्त गणपती आहे. धुराचंही तसंच, २०२० च्या बीएस-सहा इंजिनाशी तिची तुलना करण्यात अर्थ नाही. सरकारनेही ही निष्ठा महाग करत आणली आहे. पंधरा वर्षांनंतर मोटारीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला पूर्वी सहाशे रुपये लागत, एप्रिल २०२२ पासून पाच हजार झाले, आणि २०२५ साली वीस वर्षांपुढच्या गाडीला दहा हजार. शिवाय पर्यावरण कर, शिवाय ती नवी नंबरप्लेट. दिल्लीत जुन्या गाड्यांवर काही बातमी आली की पारोळ्यातल्या आप्पांची झोप उडते, जरी तिथला नियम इथे लागू नसला तरी. तरीही ते भरतात. पाच-पाच वर्षांची मुदत घेतात.

‘आयुष्यभराची गाडी’ म्हणजे नेमकं कुणाचं आयुष्य, हा शेवटचा प्रश्न उरतो, आणि त्यावर परिवहन खात्याचा हिशेब मोठा समतोल आहे. पंधरा ओलांडलेल्या गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते, आणि पंचावन्न ओलांडलेल्या माणसाचं लायसन्सही पाचच वर्षांसाठी. गाडीला इन्स्पेक्टर तपासतो, माणसाला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. आप्पांच्या दोन्ही तारखा २०३० सालीच येतात. गाडी पास होईल, याची त्यांना खात्री आहे.