विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट, नाना

लेस्टर

ती. नानांना साष्टांग नमस्कार, वि. वि.

आम्ही सगळे इकडे मजेत. यंदा गणपती 14 सप्टेंबरला, म्हणजे इथल्या शाळा नुकत्या कुठे सुरू झालेल्या असणार. पण तुमच्या चिरंजिवांनी मुलांना घेऊन कराडला यायचा ध्यास घेतलाय. इंग्लंडात चालू सत्रात रजा मिळवणं सोपं नाही. काही खास कारण असेल तरच हेडबाई हो म्हणू शकतात. परवानगीशिवाय पाच दिवस बुडवले, तर दर मुलामागे दर पालकाला 80 पौंड दंड होऊ शकतो. आपली मुलं दोन, पालक दोन. 320 झाले.

तेव्हा चिरंजीव अर्ज लिहायला बसले. तुम्ही घोटून घेतलेला जुनाच नमुना: ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट, आय बेग टु स्टेट दॅट...’ आणि शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’. तुमच्या वर्गात दहापैकी नऊ नक्की पडले असते.

दुसऱ्या दिवशी हेडबाईंनी मला फाटकातच गाठलं. चेहरा पडलेला. म्हणाल्या, “आमचं काही चुकलं का? पत्र तीनदा वाचलं, पण तक्रार कुठे आहे तेच सापडेना.”

उलगडा केला शेजारच्या आजोबांनी. ते निवृत्त वकील. अर्ज वाचून इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आपण ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट’ हे शब्द नमस्काराच्या जागी घालतो, नाना. इथे माणूस ते भांडायच्या आधी बाह्या सरसावाव्या तसे वापरतो. त्यांच्यामागून स्वल्पविराम, आणि स्वल्पविरामामागून ‘तुमचं चुकतंय’ आलंच पाहिजे. नाही आलं, तर वाचणारा बिचारा शोधत बसतो. कोर्टात म्हणे याच्या पायऱ्याच आहेत. वकील न्यायाधीशांना ‘विथ रिस्पेक्ट’ म्हणाला, तर साहेब, आपलं चुकतंय. ‘विथ ग्रेट रिस्पेक्ट’ म्हणजे फारच चुकतंय. आणि ‘विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट’ म्हणजे साहेब, डोकं ठिकाणावर आहे ना? आदर चढत जातो तसतशी समोरच्याची अब्रू उतरत जाते! साधी विनंती करायची तर ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ’ एवढं पुरतं, आणि बेग बिग काही करायचं नसतं. ‘नीडफुल’ तर आजोबांनी वहीत टिपून घेतलं, त्यांना फार आवडलं.

आता घरात या रिस्पेक्टचं पीक आलंय. थोरला परवा गणित करताना म्हणाला, “बाबा, विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट, तुम्हाला अपूर्णांक येत नाहीत.” आमटीत मीठ कमी पडलं तरी मला आधी रिस्पेक्ट मिळतो, मग टोमणा.

नव्या अर्जाचं उत्तर काल आलं. इतकं गोड की नकार दुसऱ्या वाचनात कळला. आठवडाभर जमणार नाही. धार्मिक सणाचा म्हणून एक दिवस मात्र मंजूर. म्हणजे कराड यंदा राहिलं, मूर्ती इथेच बसवू. चिरंजिवांनी लगेच कागद ओढला आणि जन्मात पहिल्यांदा ते वाक्य बिनचूक लिहिलं: विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट, आमचा गणपती दीड दिवसाचा असतो.

सौ. आईंना नमस्कार. मोदकाच्या उकडीचं प्रमाण त्यांना विचारून कळवा. लोभ असावा.

आपली,
सूनबाई